नो-डील ब्रेक्झिट: ३१ ऑक्टोबरला करार नसेल तर घरात काय तयारी ठेवायची?

केंटवासी_मीरा
१४ सप्टेंबर २०१९, रात्री ११.१०

मंडळी, ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, राजकारणावर इथे आधीच बरेच धागे आहेत. मला घरातला प्रश्न विचारायचा आहे.

आम्ही केंटमध्ये ॲशफर्डला राहतो. डोव्हर बंदर गाडीने अर्ध्या तासावर. घरामागच्या शेताच्या पलीकडून एम२० महामार्ग जातो, रात्री खिडकी उघडी राहिली की ट्रकांची घरघर ऐकू येते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला टाइप १ मधुमेह आहे. दिवसातून चार-पाच वेळा इन्सुलिन लागतं.

बुधवारी सरकारने 'यलोहॅमर'चे, म्हणजे नो-डीलसाठीच्या सरकारी तयारीचे, कागद जाहीर केले. करार न होता बाहेर पडलो तर पहिल्याच दिवशी इंग्लिश खाडीवरून होणारी ट्रकांची ये-जा सध्याच्या ४० ते ६० टक्क्यांवर येऊ शकते, एकेका ट्रकला दीड ते अडीच दिवस थांबावं लागू शकतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बाहेरून येणाऱ्या औषधांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश याच वाटेने येतात. आणि या देशात वापरलं जाणारं जवळपास सगळं इन्सुलिन बाहेरून येतं.

आत्ता उठून फ्रिज उघडला आणि मोजलं. दोन्ही प्रकारची मिळून नऊ कार्ट्रिज आहेत. एक कार्ट्रिज त्याला साधारण पंधरा दिवस जातं. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची बेगमी. गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात नेहमीची दोन खोकी मागितली तर एकच मिळालं, दुसऱ्यासाठी चार दिवसांनी बोलावलं. मिळालं, तक्रार नाही. पण ते चार दिवस मला झोप नव्हती.

सरकार सांगतंय की घरी साठा करू नका. करावा का? तुम्ही काय करताय?

चहा_बिस्किट
१४ सप्टेंबर, ११.३२

मीराताई, वाचतेय. काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. जाणकार येतीलच.

डॉ_सोनचाफा
१५ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मी लीड्सला रुग्णालयात काम करतो. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो: घरी जादा साठा करू नका. नेहमीची चिठ्ठी मात्र वेळेवर, शक्य तर आठवडाभर आधी टाका.

सरकारने औषध कंपन्यांकडे नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जादा साठा मागितला होता. इन्सुलिन बनवणाऱ्या डॅनिश कंपनीने त्याच्या दुपटीहून जास्त माल इथल्या शीतगृहांत आणून ठेवला आहे. त्यामुळे देशात माल आहे. तो दुकानापर्यंत नीट पोचायचा तर मागणी नेहमीसारखी राहायला हवी. प्रत्येक घराने एकेक खोकं जादा उचललं तर गोदाम भरलेलं असूनही कोपऱ्यावरच्या दुकानातलं कपाट रिकामं दिसेल. तुम्हाला त्या चार दिवसांत जे भोगावं लागलं ते बहुधा असंच घडलं असावं.

मला वैयक्तिकरीत्या जास्त घोर आहे तो ज्याचा साठाच करता येत नाही त्याचा. हाडांचे आणि हृदयाचे काही स्कॅन करायला आम्ही टेक्निशियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतो. ते ज्यापासून मिळतं त्या मॉलिब्डेनमचं अर्धं आयुष्य ६६ तास आणि खुद्द टेक्निशियमचं सहा तास. ब्रिटनमध्ये ते बनवणारी अणुभट्टी नाही. नेदरलँड्स, बेल्जियमकडून येतं. डोव्हरला अडीच दिवस ट्रक उभा राहिला तर माल पोचेपर्यंत अर्धा विरून गेलेला असेल. म्हणून आमच्याकडे तो विमानाने आणायची योजना आखली आहे आणि स्कॅनच्या वेळा आठवड्याच्या सुरुवातीऐवजी मध्यावर ढकलायची तयारी चालू आहे.

आणि मीराताई, थेरेसा मे यांनाही टाइप १ आहे, पंतप्रधान असताना त्या रोज इन्सुलिन घेत होत्या. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा.

केंटवासी_मीरा
१५ सप्टेंबर, ७.४०

डॉक्टर, मनापासून आभार. त्याला आत्ताच सांगितलं. म्हणाला, "मग मला पण घर मिळेल का डाउनिंग स्ट्रीटवर?" :)

उरणचा_दर्यावर्दी
१५ सप्टेंबर, दुपारी १.१५

मी न्हावा-शेवाला कस्टम हाउस एजंटकडे बावीस वर्षं आहे. लोक विचारतात की नुसती सीमा ओलांडायला दोन दिवस कसे लागतील. मुंबईकरांनी जकात नाका आठवावा. दहिसर, मुलुंड. ट्रकात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक, जकात किती तेही ठाऊक, तरी रांग मैलभर. कारण प्रत्येक गाडीमागे कोणीतरी खाली उतरून कागद दाखवणार, खिडकीपलीकडचा माणूस तो वाचणार, शिक्का मारणार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके उठले आणि रांगा गेल्या. ब्रिटनने इतकी वर्षं नाक्याशिवाय काढली, आता एका रात्रीत नाका उभा करायचाय.

डोव्हरहून दिवसाला दहा हजारांपर्यंत ट्रक जातात. त्या बंदराच्याच लोकांचा हिशोब आहे की एका ट्रकमागे दोन मिनिटं वाढली तर सतरा मैलांची रांग लागते. दोन मिनिटांत आमच्याकडे एजंट फाइलची दोरीसुद्धा सोडत नाही.

आणि नुसती जकात भरून सुटका नाही. मांस असेल तर पशुवैद्याचा दाखला, फळं-भाजी असेल तर रोपरोगाचा दाखला, माल कुठे तयार झाला त्याचा दाखला, लाकडी पॅलेट असेल तर ते तापवून कीडमुक्त केल्याचा छाप. संघात असताना यातलं काहीच लागत नव्हतं, म्हणून तिथल्या हजारो छोट्या कारखानदारांनी आयुष्यात एकही कस्टमचा फॉर्म भरलेला नाही. मला भीती त्यांची वाटते. पहिल्या आठवड्यात रांग लागेल ती मालाची कमी आणि चुकीच्या कागदांची जास्त.

लेस्टरचे_काका
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

मीराच्या मुलाची काळजी सगळ्यांनाच आहे, ती बाजूला ठेवून बोलत नाही. पण या धाग्यावर दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे.

मी २०१६ च्या सार्वमतात लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं आणि आज पुन्हा मतदान झालं तरी तेच देईन. लेस्टरमध्ये मी चाळीस वर्षं आहे. शहराचा निकाल काठावर का होईना रीमेनकडे गेला, पण आमच्या गल्लीतली बरीच भारतीय घरं माझ्यासारखीच होती. माझा पुतण्या नाशिकचा इंजिनियर. त्याला इथे यायचं तर वर्षाला तीस हजार पौंड पगाराची अट, कंपनीची हमी, व्हिसाची फी. युरोपातून येणाऱ्याला फक्त तिकीट. मला त्या येणाऱ्या माणसाबद्दल राग नाही, नियमाबद्दल आहे.

दुसरं, २०१४. १ मेपासून ईयूने, म्हणजे युरोपीय संघाने, आपला आंबा बंद केला. हापूसबरोबर अळू, वांगी, कारली, पडवळ सगळं. निर्णय ब्रसेल्सचा आणि दुकानं रिकामी लेस्टरची. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला घरात आंबा नव्हता.

तिसरं, करार. बाजारात भाजीवालीला "मग राहू दे" म्हणून दोन पावलं पुढे गेलं की ती हाक मारते. उठून जायची तयारीच नसेल तर भाव कसा उतरणार? १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात मे बाई म्हणाल्या होत्या की वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा. त्यांनी ते खरं करून दाखवलं नाही, हे माझं दुःख आहे.

देवगडचा_बागायतदार
१५ सप्टेंबर, रात्री ९.०२

काका, आंब्याचा विषय काढलात म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

२०१४ ला माल अडकला तेव्हा आम्हीही बोटं मोडली होती. पण खेपांमध्ये फळमाशी सापडली होती हे खरं आहे. नंतर गरम पाण्याची प्रक्रिया आली: ४८ अंशांवर एक तास फळ बुडवून ठेवायचं. हापूससारख्या नाजूक फळाला ते झेपेल का, साका (आतला गर खराब होणं) वाढेल का, या धास्तीत एक हंगाम गेला. मुदतीआधीच, जानेवारी २०१५ मध्ये, बंदी उठली. आज आमच्या गावातली पॅकिंगची शिस्त त्या बंदीने लावलेली आहे.

ब्रिटन बाहेर पडलं तरी फळमाशी ती फळमाशीच. त्यांच्याकडे टोमॅटो-काकडीचे काचघरवाले आहेत, ते आपल्या सरकारला गप्प बसू देणार नाहीत. नियम लंडनचा होईल, पाणी ४८ अंशांचंच राहील.

लेस्टरचे_काका
१५ सप्टेंबर, ९.२५

तुमच्या शब्दाला मान आहे, तुम्ही झाडाखाली उभे राहून बोलताय. तरीही तो नियम लंडनचा असेल तर माझ्या खासदाराला जाऊन जाब विचारता येईल. मला तेवढंच हवंय.

पौर्णिमा_व्ही
१५ सप्टेंबर, रात्री १०.१०

काका, हा मुद्दा मला पटतो. भाजीवालीचा नाही पटत.

भाजीवाली हाक मारते कारण तुम्ही शेजारच्या टोपलीकडे जाऊ शकता. ब्रिटनची गेल्या वर्षीची ४५ टक्के निर्यात आणि ५३ टक्के आयात ईयूशी झाली. शेजारची टोपली समुद्रापलीकडे हजारो मैलांवर आहे. शिवाय त्यांच्या बाजूने तोटा सत्तावीस घरांत वाटला जातो, तुमच्या बाजूने एकाच घरावर येतो.

आणि 'करार नाही' म्हणजे 'आहे तसं चालू' नव्हे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. करार नसेल तर जागतिक व्यापार संघटनेचे नियम लागू. तिथला मूळ नियम असा की एका शेजाऱ्याला जकात माफ केली तर साऱ्या गावाला माफ करावी लागते, अपवाद फक्त दोघांत रीतसर करार असेल तर. म्हणजे ईयू ब्रिटिश मोटारीवर १० टक्के लावणारच, कारण ते अमेरिकेच्या, भारताच्या मोटारीवरही लावतात. मेंढीच्या मांसावर तर हिशोब ४० टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ब्रिटनमधून निर्यात होणारं ते मांस जवळजवळ सगळं युरोपातच जातं. वेल्सच्या डोंगरातल्या मेंढपाळाने उरलेल्या मेंढ्यांचं काय करायचं? वेल्सने लीव्हला मत दिलं होतं, ५२.५ टक्के. त्या माणसाला हे कोणी बसून समजावलं होतं का?

ब्रिटनने मार्चमध्ये जाहीर केलं की नो-डील झालं तर ८७ टक्के आयातीवर आम्ही शून्य जकात ठेवू. ग्राहकाला बरं वाटेल. पण एकदा सगळ्या जगाला दार मोफत उघडलं की मग भारताशी करार करायला बसताना हातात देण्यासारखं काय उरतं?

संपादक_मंडळ
१६ सप्टेंबर, सकाळी १०.००

चर्चा चांगली चालू आहे. लीव्ह-रीमेनच्या वैयक्तिक शेरेबाजीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीचा प्रश्न लक्षात असू द्या.

स्विंडनवालो
१७ सप्टेंबर, पहाटे ४.५०

रात्रपाळीवरून आलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या, माझं शिक्षण मडगावला कोंकणी-इंग्रजीत झालं.

मी गोव्याचा, पासपोर्ट पोर्तुगालचा. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना तो मिळतो, बाबांचा जन्म १९५४ चा. या पासपोर्टवर आम्ही ईयूचे नागरिक म्हणून इथे आलो. स्विंडनमध्ये आमची एवढी वस्ती आहे की रविवारच्या मिस्साला सासष्टीतच असल्यासारखं वाटतं.

२३ जून २०१६ ला काय झालं सांगतो. घरात आम्ही चौघे भाड्याने राहत होतो, तिघे पोर्तुगीज पासपोर्टवाले आणि एक फोंड्याचा मित्र, भारतीय पासपोर्टवर. मत देता आलं फक्त त्याला. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून. आमचं इथलं राहणं राहणार की जाणार यावर मतदान, आणि आम्ही तिघे सोफ्यावर. तो बिचारा जाताना विचारून गेला, "कोणाला देऊ सांगा, तुमचंच समजून देतो." त्याने दिलं. तो उपकार मी विसरणार नाही.

आता नवा 'सेटल्ड स्टेटस'चा, म्हणजे ईयू नागरिकांनी इथे राहत राहण्याच्या दर्जाचा, अर्ज. फी आधी ६५ पौंड होती, ती जानेवारीत काढली, चांगलं झालं. पण पासपोर्टची चिप वाचणारं ॲप फक्त अँड्रॉइडवर चालतं. बाबांच्या जुन्या फोनवर चालेना, शेवटी शेजारणीचा फोन आणला. ओट्यावर पासपोर्ट ठेवून त्यावर फोन सरकवत बसलो. तेराव्या प्रयत्नाला टुण्ण वाजलं तेव्हा आई देवापुढे मेणबत्ती लावायला उठली. पाच वर्षं पूर्ण झालेली असल्यामुळे त्यांना कायमचा दर्जा मिळाला.

इथे कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर ऐका: करार झाला तर अर्जाची मुदत जून २०२१ पर्यंत आहे. करार नाही झाला तर ३१ डिसेंबर २०२० ला संपते, आणि बाहेर पडण्याच्या दिवसाआधी तुम्ही इथे राहत असायला हवं. म्हाताऱ्या माणसांचे अर्ज आधी भरा. त्यांना वाटतं, आपण एवढी वर्षं राहतोय, आपल्याला कोण विचारणार.

चहा_बिस्किट
१७ सप्टेंबर, ८.१५

स्विंडनवालो, फोंड्याच्या मित्राचं वाचून डोळे भरून आले.

होंडाचा कारखाना बंद होतोय ना तुमच्या गावातला? तोही ब्रेक्झिटमुळेच का?

स्विंडनवालो
१७ सप्टेंबर, दुपारी ३.३०

२०२१ मध्ये बंद होणार, साडेतीन हजार लोकांच्या नोकऱ्या. कंपनीने स्वतः सांगितलंय की कारण ब्रेक्झिट नाही, जगभरात मोटारींचा धंदा विजेकडे वळतोय म्हणून. मी कारखान्यात नाही, गोदामात आहे, पण आमच्या गोदामातला अर्धा माल त्यांचाच.

पिंपरी_ते_कॉव्हेंट्री
२७ सप्टेंबर, रात्री ८.४५

मोटारींचा विषय निघालाय म्हणून. मी पिंपरीत टाटा मोटर्समधून सुरुवात केली, आता इकडे जग्वार लँड रोव्हरसाठी सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे. जेएलआरने काल जाहीर केलं की ३१ ऑक्टोबरनंतर नोव्हेंबरमध्ये आठवडाभर कारखाने बंद ठेवणार. एप्रिलमध्येही मार्चची मुदत धरून असाच आठवडा बंद ठेवला होता, आणि मुदत पुढे गेली.

लोकांना वाटतं, कारखान्यात महिनाभराचा माल असतो. मोटारीच्या कारखान्यात काही भागांचा साठा तासांत मोजतात. सकाळी जर्मनीहून निघालेलं खोकं दुसऱ्या दिवशी लाइनवर लागतं. त्याला बोनेटखाली बसणारी एक नळी आली नाही तर अख्खी लाइन उभी. तयारी करायची म्हणजे गोदाम भाड्याने घ्यायचं, आणि ऑक्टोबरमध्ये गोदामं नाताळच्या मालाने भरलेली असतात. मार्चपेक्षा ऑक्टोबर म्हणून वाईट.

टाटांचा पैसा, आपल्या मुंबईतलं मुख्यालय, आणि भवितव्य मात्र डोव्हरच्या रांगेवर. पिंपरीतले माझे जुने सहकारी रोज फोन करून विचारतात.

सीमेवरचा_सांगलीकर
२८ सप्टेंबर, सकाळी ११.२०

डोव्हरबद्दल सगळे बोलतात, माझ्या दारातल्या सीमेबद्दल लिहितो.

मी डंडॉकला राहतो, आयर्लंड प्रजासत्ताकात. नोकरी न्यूरीला, उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये. रोज वीस-एक किलोमीटर. सीमा आली हे कळतं ते एवढ्यावरून की वेगमर्यादेच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते. बस. चौकी नाही, शिपाई नाही. सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा आणि तिला दोनशेहून जास्त रस्ते. काही शेतं तर अशी की गोठा एका देशात आणि कुरण दुसऱ्यात. उत्तरेतलं दूध टँकरने दक्षिणेत येतं, त्याचं चीज-लोणी होऊन पुन्हा परत जातं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ साठीचे आहेत. त्यांच्या लहानपणी याच रस्त्यावर लष्कराचे टेहळणी बुरूज होते. शाळेतून येताना बसमध्ये सैनिक चढायचे, दप्तर उघडून बघायचे. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं गेली. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत ते बुरूज उतरवले. चौकी नाही म्हणजे नुसती सोय नाही हो, तो तह टिकलाय त्याची ती खूण आहे.

आता नो-डील झालं तर एका बाजूला ईयूचा बाजार, दुसऱ्या बाजूला वेगळा देश. जागतिक नियमांप्रमाणे मध्ये तपासणी हवी. कुठे करणार? कॅमेरा लावला तरी तो पहिल्या रात्री फोडतील आणि मग कॅमेऱ्याला राखण म्हणून पोलीस, पोलिसांना राखण म्हणून लष्कर, असं ते म्हणाले. शांतपणे चहा ढवळत म्हणाले. लेस्टरच्या काकांचा राग रास्त असेल, पण बॅकस्टॉप बॅकस्टॉप म्हणून जे वर्षभर गाजतंय ते हेच, ही सीमा उघडी ठेवायची हमी देणारं करारातलं कलम. मे बाईंचा करार १५ जानेवारीला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला तो मुख्यतः याच कलमावरून.

आपल्या लोकांसाठी एक सूचना: पाहुणे ब्रिटनच्या व्हिसावर बेलफास्टला आले असतील तर चौकी नाही म्हणून त्यांना सहज डब्लिन दाखवायला आणू नका. ब्रिटनच्या व्हिसावर दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेचा 'बीआयव्हीएस' शेरा नसेल तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो आणि बसमध्ये अधूनमधून विचारतात.

मालवणी_बाणा
२८ सप्टेंबर, १२.०५

आयर्लंडचा विषय इलो म्हणून सांगतंय, त्यांचो पंतप्रधान लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचो! बापूस डॉक्टर, मुंबैत जन्मलेलो, मूळ घर वराडाक. आमचो माणूस टेबलार बसलोहा, काय काळजी करू नकात.

पौर्णिमा_व्ही
२८ सप्टेंबर, १२.३०

हाहा, मालवणी माणूस बांधाच्या वादात मागे हटत नाही हे ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना कोणीतरी आधी सांगायला हवं होतं!

शाहूपुरीची_विद्यार्थिनी
२९ सप्टेंबर, सायंकाळी ५.००

अवांतराबद्दल क्षमस्व. मी पुढच्या सप्टेंबरला मास्टर्ससाठी यायचं ठरवतेय. नो-डील झालं तर विद्यार्थ्यांचं काय?

पौर्णिमा_व्ही
२९ सप्टेंबर, ५.४०

तुझा व्हिसा भारतीय नियमांनुसार आहे, त्याचा ईयूशी संबंध नाही. उलट ११ सप्टेंबरलाच जाहीर झालंय की २०२०-२१ पासून शिकणाऱ्यांना पदवीनंतर दोन वर्षं नोकरीसाठी राहता येईल. २०१२ मध्ये बंद केलेली सोय परत आली. कर्ज घेताना पौंडाच्या भावावर लक्ष ठेव. सार्वमताच्या रात्री तो दीड डॉलरवरून १.३३ च्या खाली गेला होता. स्वस्त पौंड तुला फी भरताना बरा, इथे कमावून कर्ज फेडताना नाही.

ग्रंथकीटक
३० सप्टेंबर, रात्री ११.५०

माहितीसाठी: याआधी ग्रीनलँड बाहेर पडलं होतं. १९८२ ला सार्वमत, १९८५ ला प्रत्यक्ष बाहेर. पन्नास-पंचावन्न हजार लोकवस्ती आणि मुख्य प्रश्न मासेमारीचा, तरी वाटाघाटींना तीन वर्षं गेली आणि तेही करार करूनच निघाले. ब्रिटनला कलम ५० (संघातून बाहेर पडण्याचं ईयू करारातलं कलम) प्रमाणे मिळाली दोन वर्षं, २९ मार्च २०१७ पासून.

लेस्टरचे_काका
११ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

काल इंग्लंडमधल्या विरलजवळ जॉन्सन आणि वराडकर भेटले, करारापर्यंत जायची वाट दिसते असं दोघांनी सांगितलं. मी म्हणत होतो ना, मुदत जवळ आली की सगळे टेबलावर येतात.

सांगलीकर, तुमच्या टेबलावरच्या गृहस्थांबद्दल वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. २०१६ ला मत देताना आयर्लंडच्या सीमेचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आमच्या बैठकीत कोणी बोललंही नव्हतं. हे कबूल केलं पाहिजे.

सीमेवरचा_सांगलीकर
११ ऑक्टोबर, ९.५५

काका, नमस्कार करतो. हे लिहायला मोठं मन लागतं.

केंटवासी_मीरा
१८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

काल बाहेर पडण्याचा करार झाला. उद्या शनिवारी संसद बसणार आहे. शनिवारची बैठक १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच. डॉक्टरांचं ऐकून जादा काही घेतलं नाही, चिठ्ठी आठवडाभर आधी टाकली, दोन्ही खोकी एकदम मिळाली. सध्या इथेच थांबते.

उरणचा_दर्यावर्दी
२८ ऑक्टोबर, रात्री ८.२०

मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढली. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. ३१ तारखेनंतरही ट्रक चालू राहतील.

केंटवासी_मीरा
२२ डिसेंबर २०२०, रात्री ९.४०

धागा वर काढतेय. ३१ जानेवारीला बाहेर पडलो, वर्षभर संक्रमणकाळ चालला, आणि आज पुन्हा नऊ दिवसांवर तेच कड्याचं टोक: व्यापार करार नाही.

त्यात रविवारी रात्रीपासून फ्रान्सने करोनाच्या नव्या विषाणूमुळे सीमा बंद केली. यलोहॅमरमध्ये वाचलं होतं ते आता मला घरामागे दिसतंय. एम२० वर ट्रक उभे आहेत, मॅन्स्टनच्या जुन्या धावपट्टीवर हजारो. घरघर बंद झाली आहे, आणि मला त्या शांततेनेच जाग येते.

काल दुपारी नवऱ्याने आणि मी पंचवीस जणांपुरत्या पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि पाण्याच्या बाटल्या बांधल्या. पुलावर गावातले बरेच लोक होते, दोरीला पिशव्या बांधून खाली सोडत होते. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातून तर शेकडो जेवणं आली. आमची पिशवी एका पोलिश ड्रायव्हरने घेतली. मी ओरडून विचारलं, ट्रकमध्ये काय आहे? त्याने दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामा ट्रक. माल पोचवून झाला होता, त्याला फक्त नाताळसाठी घरी जायचं होतं.

स्विंडनवालो
२३ डिसेंबर, पहाटे ५.१५

मीराताई, आमच्या चर्चमधूनही एक गाडी जेवण घेऊन निघाली आहे. आई-बाबांनी मेणबत्ती लावली आहे ड्रायव्हरांसाठी.

पौर्णिमा_व्ही
२४ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

करार झाला! दोन्ही बाजूंनी मालावर जकात शून्य, कोटा नाही. शेवटपर्यंत अडलं होतं ते मासळीवर, जिचा ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेतला वाटा टक्क्याच्या दशांशात मोजावा लागतो.

उरणचा_दर्यावर्दी
२४ डिसेंबर, रात्री १०.०५

आनंद आहे. पण छोट्या व्यापाऱ्यांनो, जकात शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे. १ जानेवारीपासून कस्टमची नोंद लागणार, मांसाला पशुवैद्याचा दाखला लागणार, आणि शून्य जकात हवी असेल तर माल खरोखर इथला आहे याचा पुरावा लागणार. ज्यांनी अजून एजंट गाठला नाही त्यांनी उद्याच गाठा.

आणि बाकीच्या ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी आता बंदरात होणार. सांगलीकरांच्या रस्त्यावरची चौकी टळली, ती समुद्रात गेली.

सीमेवरचा_सांगलीकर
२५ डिसेंबर, सकाळी ८.००

आज रस्ता मोकळा होता, आणि ती पिवळी रेघ पांढरी होते तिथे कोणी थांबवलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना फोन करून नाताळच्या शुभेच्छा दिल्या. बेलफास्ट आणि लार्न बंदरांत आता कोण नाराज होईल याची त्यांना चिंता आहे, पण घराजवळ बुरूज येणार नाही म्हणून आज निवांत आहेत.

लेस्टरचे_काका
२५ डिसेंबर, दुपारी १२.१५

मला हवं होतं ते मिळालं, आणि करारासह मिळालं याचा जास्त आनंद आहे. मीरा, मुलगा कसा आहे? इन्सुलिनचं काय झालं ते सांग. मूळ प्रश्न तोच होता.

केंटवासी_मीरा
२५ डिसेंबर, संध्याकाळी ६.५०

काका, आता तो साडेबारा वर्षांचा आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागला. स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचतो आणि फ्रिजमधली मोजणीही आता तोच करतो, दाराला चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने आकडा लिहितो. आज कागदावर आठ लिहिलंय. पुढची चिठ्ठी सोमवारी जाईल, नेहमीसारखी आठवडाभर आधी.

एम२० वर आज दुपारपासून ट्रक हलायला लागले. खिडकी उघडी ठेवली आहे.